गाडीचा आवाज लावणारा माणूस

आमच्या मालकांना कुणी गाडी दुरुस्त करणारा म्हटलेलं आवडायचं नाही. पंक्चर काढतो, ऑइल बदलतो तो दुरुस्त करणारा, असं त्यांचं म्हणणं. "मी आवाज लावतो," म्हणायचे. नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात म्हणून मीही मालकच लिहिते. घरात मालकी कुणाची चालायची ते आमचं आम्हाला माहीत.

वारंगा फाट्यावर आमचं पत्र्याचं दुकान आहे, दोन खणांचं. एका खणात ते, एका खणात मी आणि माझी जाड सुईची शिलाई मशीन. मोटरसायकलच्या सीटा मी शिवते. लोक गाडी घेऊन येतात तेव्हा त्यांना तीन गोष्टी पाहिजे असतात. हँडलची मूठ पिळली की गाडीनं उडी घेतली पाहिजे, हॉटेलासमोर उभी केली की चार माणसांनी वळून बघितलं पाहिजे, आणि गाडीवाला गल्लीत शिरायच्या आधी घरच्यांना कळलं पाहिजे की आला. त्यातलं बघण्याचं काम माझं. लांबलचक सीट कापायची, फोम घासून मागं चढ द्यायचा, वरून तपकिरी नाहीतर काळं रेग्झिन शिवायचं, कडेनं पांढरी दोरी. बाकी सगळं त्यांचं. हवेच्या फिल्टरचा डबा काढून गोल जाळीचा फिल्टर लावायचे, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलायचे, सायलेन्सरचं पोट उघडून आतली नळी आपल्या हातानं वेल्डिंग करून बसवायचे. एका सिलिंडरच्या गाडीला लपायला जागा नसते, असं ते सांगायचे. चार सिलिंडर असले आणि एक आजारी पडला, तर बाकीचे तीन त्याला झाकून नेतात. एकट्याचं दुखणं मात्र लगेच ऐकू येतं.

आवाज लावायची त्यांची एक रीत होती. हिंगोलीत ज्या मुसलमान उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याची ती रीत. गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवायची. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ उजव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. तो हात वर गेला की दुकानात कुणी बोलायचं नाही. मोबाईल वाजला तर गिऱ्हाईक पळत बाहेर जायचं. मी मशीन थांबवायची. मग दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू ते केसाएवढा फिरवायचे. आत घेतला की हवा कमी, बाहेर काढला की हवा जास्त. दोन-तीन मिनिटं असं चालायचं आणि मग ते एक बोट वर करून म्हणायचे, "लागला."

हे "लागला" ऐकायला लोक कुठून कुठून यायचे. औंढ्याहून यायचे, नरसीहून यायचे, नांदेडला दहा दुकानं असताना तिकडून यायचे. कुणी म्हणायचं, मिस्तरीला इंजिनात टाचणी पडलेली कळते. मी फटकळ बाई, मी म्हणायची, टाचणी कळते पण बायकोची हाक कळत नाही. सगळे हसायचे. तेव्हा ते खरं नव्हतं.

त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. आमच्या वस्तीवरच्या माणसाला फाट्यावरच्या हॉटेलात बघून लोकांनी उठून खुर्ची द्यावी, "या मिस्तरी, बसा" म्हणावं, हे त्या म्हाताऱ्यानं कधी बघितलं नव्हतं. मालकांनी ते कानाच्या जोरावर मिळवलं. त्यांच्याकडं शेत नव्हतं, सर्टिफिकेट नव्हतं, दहावीसुद्धा दोनदा नापास. होता तो एक कान, आणि त्या कानाचं नाव.

आणि कानच गेला.

कधी गेला ते सांगता येणार नाही, कारण मला ते कळायच्या आधी मी दोन-तीन महिने भांडण्यात घालवले. जेवायला हाक मारली की हे उठायचेच नाहीत. भाजी आणायला सांगावी तर हात हलवत परत यायचे. नांदेडला नर्सिंगला असलेल्या लेकीचा फोन आला की दोन शब्द बोलून "आईशी बोल" म्हणत माझ्या हातात द्यायचे. मला वाटलं, माणूस मोठा झाला, आता बायको-लेकरू नकोसं झालं. एकदा मी तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा जाऊन ताटलीच आपटली समोर. "बहिरे झालात का?" असं ओरडले. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग जेवले. असं मी एकदा नाही, दहादा म्हणाले असेन. जीभ आहे म्हणून चालवायची, दुसरं काय. ते वाक्य आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

कळलं ते दुकानात. एक जुनी, चौकोनी टाकीची गाडी आली होती. नवा फिल्टर, मोठा जेट, सगळं बसवून झालं होतं. मालकांनी मूठ कानाला लावली, हात वर केला, मी मशीन थांबवली. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मग त्यांनी मूठ डाव्या कानाला लावली. हे मी कधी बघितलं नव्हतं. परत उजव्या. मग गालाच्या हाडाला टेकवली. शेजारी गिऱ्हाईक उभं. मालकांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं बघितलं. वीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला मी घाबरलेलं बघितलं नव्हतं. ते घाबरले होते.

गाडी हवा जास्त झाल्यावर करते तशी मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाक्यासारखी फुटत होती. एवढी वर्षं त्या आवाजांशेजारी बसून मलाही ते कळायला लागलं होतं. विचार न करता मी मांडीवरचं बोट आत वळवलं. त्यांनी स्क्रू आत घेतला. अजून थोडा. इंजिन एकसारखं चालायला लागलं तसा मी तळवा पालथा ठेवला. मालकांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "लागला."

चार दिवसांनी आम्ही नांदेडला डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. दहा-वीस वर्षं रोज उघड्या सायलेन्सरपाशी कान देऊन बसल्यावर दुसरं काय होणार, असं तो म्हणाला. नस गेली, परत येणार नाही. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. मालकांना हे सगळं ऐकू गेलं नाही, म्हणून डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं. एसटीत त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून मला दिला.

"फाट्यावर कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाले.

मी म्हणाले, "काहून सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची." ते ऐकू आलं का नाही कोण जाणे. मान हलवली.

दोन वर्षं आम्ही ती मूठ झाकली. माझी मशीन मी अशी फिरवून घेतली की तोंड त्यांच्या खणाकडं यावं. खुणा तीनच. बोट आत म्हणजे स्क्रू आत, बोट बाहेर म्हणजे बाहेर, तळवा पालथा म्हणजे बराबर. ते डोळे मिटायचे सोडून खाली मान घालून पापणीआडून माझा हात बघायचे. बाहेरच्याला वाटायचं, मिस्तरी किती मन लावून ऐकून राहिले. गिऱ्हाइकाशी बोलणंही मीच सुरू करायची, मोठ्यानं, म्हणजे बोलणं कशाचं आहे ते मालकांना कळायचं. "गाडी चढाला दम तोडती म्हणता, व्हय ना?" असं मी म्हणायची आणि ते माझ्या ओठांवरून समजून घ्यायचे.

खरं सांगायचं तर मला त्यात सुख वाटायला लागलं होतं. लाज वाटते सांगायला. नवऱ्याचा कान गेला आणि बायकोला सुख. पण लग्नानंतर एवढं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. दिवसात दहादा बघायचे. संध्याकाळी घरी चालत जाताना मीच बडबडायची, तो आजचा पांढऱ्या टाकीवाला, त्याच्या गाडीचा आवाज कसा घुमला बघा, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत चालायचे आणि ठेचकाळायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. आवाज लावून झाला की मालक ट्रायल मारायला जायचे. हिंगोलीच्या दिशेनं दोन-तीन किलोमीटर, आणि परत. आल्यावर प्लग काढून त्याचा रंग बघायचे. बदामी असला म्हणजे जमलं, पांढरा असला म्हणजे हवा जास्त. मी म्हणाले, गिऱ्हाइकालाच पाठवा की. ते म्हणाले, ट्रायल न मारता गाडी देणारा मिस्तरी कुणी बघितलाय का, लोकांना शंका येईल. नॅशनल हायवे, मागून ट्रक-टिप्पर येऊन राहिलेले, आणि हा माणूस बहिरा. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी दर वेळी मशीन थांबवून ते परत येईपर्यंत रस्त्याकडं बघत बसायची, आणि आले की परत सुई चालू. पण अडवलं नाही. अडवायचं तर मूठ उघडावी लागली असती.

त्या दिवशी दुपारी ऊन कडक होतं. मालक ट्रायलवरून परत येत होते, मला लांबूनच दिसले. त्यांच्या मागं हळदीची पोती भरलेला ट्रक. ट्रकनं हॉर्न दिला. परत दिला. मग दाबूनच धरला. दुकानासमोर आल्यावर मालकांनी मागं न बघता सरळ गाडी आडवी वळवली.

ट्रकवाल्यानं स्टिअरिंग मारलं. ट्रक रस्ता सोडून मुरमात उतरला, कलला आणि लिंबाच्या झाडाला घासून थांबला. वरची चार-पाच पोती खाली आली. मालक गाडीसकट पडले. कोपर फुटलं, टाकीला ओरखडा गेला, बाकी काही नाही. माणूस जिवंत होता. मी पायातल्या चपला विसरून पळाले.

ड्रायव्हर खाली उतरला. आपल्याकडचा नव्हता, हिंदी बोलत होता. माझ्या धाकट्या भावाएवढा असेल. "कितना हॉर्न मारा," म्हणाला, "बहरे हो क्या?"

तोपर्यंत हॉटेलातली माणसं जमली, जीपवाले आले. मालकांना कुणीतरी उठवलं आणि तोंडासमोर येऊन विचारलं की हॉर्न दिला होता का यानं. मालक म्हणाले, "हॉर्न न्हाई दिला."

ते खोटं बोलले की त्यांना खरंच तसं वाटलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

एक जीपवाला, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यानं ड्रायव्हरची कॉलर धरली. "आमच्या मिस्तरीला इंजिनातली टाचणी ऐकू येती, आन तुझा हॉर्न ऐकू येणार न्हाई व्हय? झोपला होतास तू." आणि एक ठेवून दिली. मागून दुसऱ्यानं दिली. ड्रायव्हर हात जोडून सांगत होता, कसम से मारा था, आणि गर्दीत एकेकाच्या तोंडाकडं बघत होता की कुणीतरी हो म्हणावं. हॉर्न हॉटेलातल्या माणसांनीही ऐकला असणार. पण रोज शंभर हॉर्न वाजतात तिथं, आणि मिस्तरीच्या कानापुढं आपला कान कोण खरा मानणार?

मी ऐकला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि तरी मी गप्प उभी होते. मालकांचं कोपर पदरानं धरलं होतं, त्याचं निमित्त होतं. तिसरी चापट बसली, त्याच्या शर्टाची बाही फाटली आणि त्याच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा माझं तोंड उघडलं. तीन चापटा मी सोसल्या, म्हणजे त्यानं सोसल्या. ते माझ्या नावावर आहे.

"सोडा त्याला," मी म्हणाले. "हॉर्न दिला होता त्यानं."

जीपवाला म्हणाला, "वहिनी, तुमी दुकानात होता. मिस्तरी रोडवर होते."

"मिस्तरीला ऐकू येत न्हाई," मी म्हणाले. "दोन वर्सं झाली. काहीच ऐकू येत न्हाई."

कॉलर सुटली. सगळे मालकांकडं बघायला लागले. मालकांनी ते शब्द ऐकले नव्हते. त्यांना फक्त एवढं दिसलं की मी काहीतरी बोलले आणि माणसांची तोंडं बदलली. ते माझ्याकडं वळले.

"काय म्हणलीस?"

मी मान खाली घातली. त्यांनी परत विचारलं. आणि मग, दोन वर्षं जी गोष्ट त्यांनी चुकूनसुद्धा केली नव्हती ती केली. हाताचा द्रोण करून कानामागं धरला, सगळ्यांसमोर. "काय म्हणलीस, सांग की."

मग मला ते ओरडून सांगावं लागलं. पहिल्यांदा हळू म्हणाले तेव्हा निदान चार-सहा माणसांनी ऐकलं होतं. आता पार पलीकडच्या टपरीपर्यंत गेलं. "तुमाला ऐकू येत न्हाई म्हणले."

त्यांनी हात खाली घेतला. गाडी उचलली, ढकलत दुकानात नेली आणि फडक्यानं टाकीवरची धूळ पुसत बसले. ज्या दोघांनी ड्रायव्हरला मारलं होतं तेच त्याची पोती वर चढवू लागायला गेले. ड्रायव्हर जाताना माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाला, बहुतेक चांगलंच म्हणाला असेल. मला त्याच्याकडं बघवलं नाही.

मी बरोबर केलं, असं पुढं पुष्कळ लोकांनी सांगितलं. लेकीनं सांगितलं. आमच्या विहारातल्या बायकांनी सांगितलं. मलाही वाटतं की बरोबर केलं. पण त्यानं काही हलकं होत नाही.

हॉटेलात मालकांना अजून खुर्ची मिळते. आजारी माणसाला द्यावी तशी देतात, हाताला धरून बसवतात. लोक त्यांच्याशी हातवारे करून बोलायला लागले, आणि कानात ओरडायला लागले, तेही हसत. महिन्याभरात आवाज लावायला येणारी माणसं बंद झाली. पंक्चरला यायची, ऑइलला यायची. एकानं मला विचारलं, "म्हणजे वहिनी, एवढे दिवस आवाज तुमी लावत होता?" मी म्हणाले, "व्हय. आणा गाडी, लावून देते." तो हसला. मी हसले नव्हते. बाईनं सीट शिवलेली चालते. इंजिन ऐकायला मिशा लागतात हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं माझ्याच कानानं लावलेल्या गाड्यांवर बसून लोक माझ्यासमोरून समोरच्या नव्या गॅरेजात जायला लागले.

मालक मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी बघून घेतलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. ते गप्प झाले. नांदेडहून कानाचं मशीन आणलं. त्यात सगळ्याच गाड्या पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारख्या वाजतात, म्हणाले, आणि ते काढून जुन्या जेटच्या डबीत टाकलं. एक दिवस मी सकाळी जरा उशिरा दुकानात गेले तर त्यांनी त्यांचं स्टूल आणि सगळा पसारा फिरवून ठेवलेला. तोंड भिंतीकडं. माझ्या खणाकडं पाठ. आता माझा हात त्यांना दिसणार नव्हता. मशीन मी फिरवली नाही. दिवसभर त्यांची पाठ बघत शिवायची.

असे चार महिने गेले. मग नरसीहून एक गिऱ्हाईक आलं. देवळाच्या रस्त्याला त्याचं पेढ्या-फुटाण्याचं दुकान आहे, पंधरा वर्षं आमच्याकडं येतो. त्याला सगळं माहीत होतं. असल्या गोष्टी नरसीपर्यंत जायला वेळ लागत नाही. तरी आला. म्हणाला, फिल्टर बदला, सायलेन्सर बघा, आवाज लावून द्या. गाडीला काही झालं नव्हतं. माझ्याकडं न बघता तो हे बोलत होता, तेव्हाच मला कळलं की तो गाडीसाठी आलेला नाही.

मालकांनी सकाळपासून दुपारपर्यंत त्या गाडीवर काम केलं. असे हात चालताना मी चार महिन्यांत बघितले नव्हते. सगळं बसवून झालं. गाडी गरम झाली. त्यांनी एक तळवा टाकीवर ठेवला, स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि मूठ दातात धरली. हाडातून काही कळतंय का ते बघत होते. मग हवेचा स्क्रू फिरवायला लागले. बाहेर, अजून बाहेर. रेस द्यायचे, सोडायचे. सोडली की सायलेन्सरमधून फुटायचं. हवा जास्त झाली होती. अशी गाडी तापते, आणि उन्हात लांब पळवली तर पिस्टनही धरू शकतो, म्हणजे चालती गाडी जागीच जाम. अर्धा फेरा आत घेतला असता तर काम झालं असतं. फक्त अर्धा फेरा.

मी उठले. दोन पावलं टाकली. माझी सावली भिंतीवर पडली असावी. त्यांनी मागं न बघता डावा हात वर केला. ओरडून सांगायचं तर मी एकदा सांगून बसले होते, त्याच गिऱ्हाइकासारख्या माणसांसमोर. मी परत जागेवर जाऊन बसले.

त्यांनी बोट वर केलं. "लागला," म्हणाले. आणि मग स्टुलावर वळले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "लागला ना?"

मी मशीनवर तळवा पालथा ठेवला.

नरसीवाल्यानं गाडी घेतली, मिस्तरींचे दोन्ही हात हातात धरले, आणि गेला. वळणापर्यंत मला गाडी फुटत गेलेली ऐकू येत होती. मालक फडक्याला हात पुसत, हसत, रस्त्याकडं बघत उभे होते.

तासाभरानं दुकानामागं जाऊन मी त्याला फोन लावला. म्हणाले, "गाडी लांब नेऊ नका. हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायला लावा कुणाकडून तरी."

तो म्हणाला, "कळलं होतं वहिनी मला. वाटेतच एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं केली बराबर." मग म्हणाला, "मिस्तरीला सांगू नका. मी येत जाईन अधूनमधून."

तो आला असता. तसा माणूस आहे. दर दोन महिन्यांनी आला असता, चांगली गाडी बिघडवून घेऊन गेला असता आणि वाटेत दुसऱ्याकडून नीट करून घेतली असती. मालक दर वेळी माझ्याकडं वळले असते आणि मी दर वेळी तळवा पालथा ठेवला असता. आणि एखाद्या दिवशी त्याला वाटेत थांबायला जमलं नसतं. मी म्हणाले, "नका येऊ भाऊ. गाडी तुमची आहे, जीव तुमचा आहे. तिकडंच दाखवत जा." त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही घरी निघालो. मालक माझ्या शेजारून चालत होते आणि त्या दिवशी तेच बोलत होते. किती बोलले. टाकीवर तळवा ठेवला की कसं कळतं, दातातून कसं येतं, हे आधी सुचायला पाहिजे होतं म्हणाले. घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "तुझ्याकडं बघितलं सुदिक न्हाई मी आज. तरी लागला."

"व्हय," मी म्हणाले. "ऐकलं मी."

मग म्हणाले, नरसीवाल्याची सीट पार उसवलीय, पुढच्या वेळी येईल तेव्हा चांगली शिवून दे, पैसे घेऊ नको. मी तपकिरी रेग्झिन काढून ठेवलं. दिवाळी होऊन गेली, संक्रांत झाली. नरसीकडून एखादी गाडी येताना दिसली की ते स्टुलावरून उठून बाहेर जातात, आणि मी सुई चालू ठेवते.